चादरीचं दुसरं टोक

सोलांजला काही सांगायला गेलं की ती आधी भांडते, मग ऐकते, आणि दोन दिवसांनी तीच गोष्ट स्वतःची कल्पना असल्यासारखी आपल्यालाच समजावून सांगते. तीस वर्षं मी हे सोसते आहे. ती नाच बसवते आणि मी तालमी घेते. म्हणजे स्वप्नं तिने बघायची, आणि कुणाचा गुडघा सुजलाय, कुणाचा पाय चुकला, कोण कुणावर रुसलंय, हे सगळं पिएरेटच्या, म्हणजे माझ्या, डोक्याला. लोक विचारतात, तू अजून तिला सोडलं कसं नाहीस? मी म्हणते, दोन नवरे सोडले, तेवढं पुरे झालं.

तरुणपणी ती इथेच मॉन्ट्रियलमध्ये एका बॅले मंडळीत होती. तिथला मास्तर दर सोमवारी मुलींचं वजन करायचा. एकदा सोलांजने विचारलं, सारखं आम्हालाच का उचलतात, आम्ही कुणाला उचलायचं नाही का? तो हसून म्हणाला, "मुलींना उचलतात, पोरी. मुली उचलत नाहीत." तिने तिथल्या तिथे त्याला कमरेत धरलं, उचललं, पियानोवर नेऊन बसवलं आणि कोट घालून बाहेर पडली. मी तेव्हा तिथे नव्हते. पण बाईला ओळखून आहे, त्यामुळे गोष्ट खरी धरते.

त्यानंतर तिने 'चादर' हा नाच बसवला. तिची आई तिकडे वर, लाक-सँ-जाँ तळ्याच्या काठी, अकरा पोरांचं धुणं धुवायची. दरवर्षी पाद्री घरी येऊन विचारायचा, काय बाई, यंदा पाळणा रिकामा का? त्या आईवरचा हा नाच. त्यात बायका बायकांना उचलतात, खांद्यावर घेतात, पिळतात, वाळत घालतात. आणि मधोमध एक बाई एकटी एका भल्यामोठ्या ओल्या चादरीची घडी घालायला बघते. एक टोक हनुवटीखाली, दोन टोकं दोन हातांत, चौथं उजव्या पायाच्या अंगठ्यात, आणि सगळं अंग एकट्या डाव्या पायावर. तशीच हळूहळू खाली, अगदी जमिनीपर्यंत. घडी काही होत नाही. सोलांजने हे स्वतःच्या डाव्या पायावर बसवलं होतं. त्या पायावर ती खिळा ठोकल्यासारखी उभी राहायची. चर्चच्या तळघरात पहिला प्रयोग झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका हुंदके देत होत्या, आणि पाद्रीबुवा मध्येच उठून गेले म्हणे.

यंदा त्या नाचाला चाळीस वर्षं झाली. एका थिएटरचं काम बघणाऱ्या गाडबुआ साहेबांनी सांगितलं, वसंतात पुन्हा करा, आमच्याकडे करा. सोलांज गाडीत माझ्या शेजारी बसली होती. पुढे बर्फ उपसणारी गाडी रांगत होती, मी तिच्या नावाने खडे फोडत होते, आणि ही एकदम म्हणाली, "पिएरेट, ते चादरीचं मला नाचायचंय. एकदाच. मग नाही मागणार."

तिचा डावा खुबा बदललेला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चाला, पोहा, खुशाल नाचा, पण एकट्या डाव्या पायावर सगळं अंग टाकून खाली जायचं नाही. म्हणजे नेमकं तेच करायचं नाही, जे हिला करायचं होतं.

तरी आम्ही दोघींनी सकाळी लवकर, बाकीच्या यायच्या आधी, करून बघितलं. थोडे दिवस बरं चाललं. मग एका सकाळी ती अर्ध्यात वाकली आणि चेहरा पांढराफटक पडला. ती फरशीवर बसली. चादर मांडीवर गोळा केली आणि म्हणाली, "संपलं गं." मला रडूच कोसळलं. तर मलाच म्हणते, "तू काय रडतेस? खुबा माझा आहे. जा, एखादी पोरगी शोध."

पोरगी मिळाली ती नादेज. घरचे हैतीचे, पण जन्म इथल्याच मॉन्ट्रियल-नॉर्ड वस्तीतला. आई हॉस्पिटलात पेशंट सांभाळते. पाय असे की बघत राहावं. तेव्हा ती दुसऱ्या एका मंडळीबरोबर व्हँकुव्हरकडे दौऱ्यावर होती, म्हणून आमच्या फाब्येनने जुन्या प्रयोगाचा व्हिडिओ तिला पाठवला. फाब्येन आमचे दिवे, आवाज, व्हिडिओ सगळं बघते आणि मशीनशी माणसांपेक्षा गोड बोलते. नादेजने हॉटेलच्या खोल्यांत बसून व्हिडिओवरून सगळा नाच पाठ केला.

आली ती थेट तालमीलाच. दारात बुटांचा ढीग, त्यातच आपले बूट टाकून सोलांजसमोर उभी राहिली. "बाँजूर, मादाम सोलांज. तुमच्यामुळे मी नाचायला लागले."

"मादाम कुणाला म्हणतेस? आणि माझ्यावर ढकलू नकोस. नाचायला लागलीस ती तुझ्या पायांमुळे. चल, दाखव."

मी संगीत लावलं. बाकीच्या पाचही जणी उजवीकडून धावत आल्या, नेहमीसारख्या. मधल्या बाईने डावीकडे सरकून वाट द्यायची असते. ही पोरगी सरकली उजवीकडे, आणि अशी काही धडक झाली म्हणता! आमची मार्त, अंगापिंडाने कपाटाएवढी, ती आधी आडवी झाली, तिच्यावर दुसरी, आणि त्या ढिगातून आवाज आला, "माफ करा! माफ करा! माफ करा!"

"कांदे!" सगळ्या एकदम ओरडल्या.

हा सोलांजचा नियम. बायका ऊठसूट माफी मागतात, दाराला धडकल्या तर दाराचीसुद्धा मागतात, म्हणून आमच्या स्टुडिओत 'माफ करा' म्हणायला बंदी. जी म्हणेल तिने शुक्रवारच्या वाटाण्याच्या सूपसाठी कांदे चिरायचे. नादेजने पहिल्याच दिवशी आठवड्याचे कांदे ओढवून घेतले.

मी म्हटलं, "अगं बाई, डावीकडे! डाव्या पायावर!"

"पण व्हिडिओत तर..." ती म्हणाली आणि पुन्हा करून दाखवलं. अथपासून इतिपर्यंत सगळं उजव्यावर. एकही हालचाल चुकलेली नाही, आणि सगळी उलटी.

मी फाब्येनकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. "मी व्हिडिओ आरशासारखा उलटा करून पाठवला होता. म्हटलं, पडद्यासमोर उभं राहून जसंच्या तसं करता येईल."

"आणि मी," नादेज म्हणाली, "नेहमीसारखा मनात उलटा करून शिकले."

आता बोला! आम्ही नाचणाऱ्यांनी जन्मभर हेच केलेलं. समोरचीचा डावा पाय आपल्या उजवीकडे दिसतो हे ध्यानात ठेवायचं, आणि मनात फिरवून घ्यायचं. झोपेतसुद्धा फिरवू. दोघींनी भल्यासाठीच केलं आणि दोघींनी मिळून पुरती वाट लावली. प्रयोग तोंडावर आलेला. मी फाब्येनला म्हटलं, "सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "मला वाटलं, कळेल." "कळेल? ती काय ज्योतिषी आहे?"

नादेजच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी फिरवून घेते. रात्रंदिवस करते. मला काढू नका."

"काढतंय कोण?" सोलांज स्टुलावरून म्हणाली. इतका वेळ ती एक शब्द बोलली नव्हती, आणि ते तिच्या बाबतीत फार वाईट लक्षण. "पुन्हा कर. असंच. उजव्यावर."

नादेजने केलं. हनुवटीखाली टोक, हातांत टोकं, डाव्या अंगठ्यात चौथं, आणि उजव्या पायावर खाली, खाली. मी नादेजकडे बघतच नव्हते. मी सोलांजकडे बघत होते. तिचा उजवा पाय स्टुलाच्या दांडीवर आपोआप वाकत होता. त्या पायाला कधी काही झालेलं नाही. अजूनही नुसता घोडा आहे. मला एकदम कळलं, या पायावर हिला अजून नाचता येईल.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्या. नादेज एकटी डावी बाजू घोटत राहिली. मी माझा डबा घेऊन परत आले तर सोलांज तिच्यासमोर उभी.

"ती दुसरी बाजू मला शिकव."

"कुठली?"

"तुझी. उलटी. मला येत नाही."

काय सांगू, इतकी वाईट विद्यार्थिनी मी आयुष्यात बघितली नाही. चाळीस वर्षं अंगात मुरलेला नाच उलटा करायचा म्हणजे डाव्या हाताने सही करण्यासारखं. ती दर दोन पावलांनी अडकायची आणि भांडायची. "छे, इथे वळणच चुकीचं आहे. एवढं अवघड कुणी बसवलं हे?"

"तुम्हीच, मादाम."

"मूर्ख होते मी. पुढे?"

पोरगीही काही कमी नव्हती. "नाही, हनुवटी आधी. नाही, पुन्हा. हसू नका, पुन्हा." सोलांज घामाने निथळत होती आणि तिच्या तोंडावर जे तेज होतं ते मी खुबा गेल्यापासून बघितलं नव्हतं. रोज दुपारी त्यांचं हे चालायचं. आठवडा सरता सरता सोलांज उजव्या पायावर खाली गेली. हळू गेली, पण जमिनीपर्यंत गेली, आणि वरही आली. तोवर नादेजची डावी बाजूही पक्की झाली होती.

सगळ्यांनी बघितलं. आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. कारण सोलांजला आम्ही ओळखतो. ती म्हणत होती, मी आपली गंमत म्हणून शिकतेय. डोंबलाची गंमत!

शुक्रवारी सूप प्यायला बसलो आणि माझा संयम संपला. माझा तसाही फार नसतो. मी म्हटलं, "सोलांज, तुला नाचायचंय. आता पायही आहे. मग नाच की बाई!"

तिने चमचा आपटला. "आणि हिने काय करायचं? विंगेत उभं राहायचं? हे तिचं पहिलं मोठं काम आहे. आजच्या माझ्या वयाच्या माणसांनी तरुणपणी माझ्या हातातलं किती काढून घेतलं ते मला माहीत आहे. मी घेणार नाही. विषय बंद."

"मी देते ना," नादेज हळूच म्हणाली. "तुमचंच तर आहे."

"बघा! हेच ते!" सोलांज उभीच राहिली. "'मी देते' म्हणे! चांगल्या मुलीसारखी! तुला काय हवंय ते कुणी विचारलं? तू स्वतःला तरी विचारलंस? जा, कांदे चीर!"

"मी माफी मागितली नाही!"

"त्याहून वाईट बोललीस!"

नादेज लालबुंद झाली. इतके दिवस गोगलगाय वाटणारी पोरगी टेबलावर हात आपटून उठली. "मला काय हवंय ते ऐकायचंय? ऐका मग. मला हे काम हवंय. सगळं हवंय, एक पाऊलही कुणाला देणार नाही. मघाशी उगाच म्हटलं. आणि मला चादरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवंय! दर रविवारी माझी आई आणि मावशी चादरींच्या घड्या घालतात. आईचा उजवा हात, मावशीचा डावा. एक उलटी, एक सुलटी, म्हणून तर घडी बसते. मी हॉटेलात हा नाच शिकत होते ना, तेव्हा रोज वाटायचं, या बाईच्या घरात दुसरं कुणीच कसं नाही?"

आम्ही सगळ्या वाट्यांकडे बघायला लागलो.

"होते की," सोलांज म्हणाली. "मी होते. मोठी मुलगी. दुसरं टोक मीच धरायचे. मग मी नाचायला पळून इथे आले."

तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं आता ही उठून जाणार. ती उठली, पण गेली नाही. तिने टेबलावर अंथरलेलं मोठं कापड धरलं आणि खेचायला लागली. "सूप! सूप उचला!" फाब्येन किंचाळली. आम्ही वाट्या, पाव, लोण्याची बशी, हाताला येईल ते छातीशी धरून उभ्या राहिलो. सोलांजने एक बाजू नादेजकडे फेकली. "चल. तू डावी, मी उजवी."

आणि टेबलाशेजारी, पावाच्या चुऱ्यात, त्या दोघी समोरासमोर तो नाच नाचल्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. एक पंचविशीची, एक सदुसष्टची. जिथे एकटीला कधी जमायचं नाही तिथे चारही टोकं जुळली, आणि ते भलंमोठं कापड घडी होऊन इवलंसं त्यांच्या हातांत उरलं. मार्त हातातल्या वाटीत रडत होती. मग रिवाजाप्रमाणे मतं घेतली, दोघींनी मिळून नाचायचं का. हात वर करायचे म्हणजे वाट्या खाली ठेवायच्या, पण ते कुणाला सुचलंच नाही. सगळ्यांनी वाट्यांसकट हात वर केले.

गाडबुआ साहेब तालीम बघायला आले. माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे. मफलर चाचपत म्हणाले, "सोलांज, तुझ्याबद्दल आदरच आहे. पण लोक हळहळतील गं. ती पोरगी शेजारी, आणि तू... लोकांना रडू येईल."

"येऊ दे. डोळे पुसायला चादर आहे, चांगली मोठी आहे."

प्रयोगाचा दिवस उजाडला. पडदा वर जायच्या आधी आम्ही एकमेकींना 'शेण!' म्हणतो, शुभेच्छा वगैरे देत नाही, अपशकुन होतो. नादेज म्हणाली, "शेण, मादाम." सोलांज म्हणाली, "शेण, पोरी." आणि दोघी गेल्या.

थिएटर गच्च भरलेलं. चादरीची वेळ आली. दोघी समोरासमोर, मध्ये ती ओली, जड चादर. मी विंगेत. सोलांजने हनुवटीखाली टोक घेतलं, हात पसरले, पाय उचलला. तिने उजवा पाय उचलला होता. उजवा! एवढे लोक, ते दिवे, ते संगीत, आणि तिचं अंग चाळीस वर्षं मागे गेलं. ती डाव्या पायावर उभी होती आणि खाली निघाली होती. आता थांबली असती तर पडलीच असती. तिचा पाय थरथरताना मला विंगेतून दिसत होता. मी तोंडात मूठ घातली.

नादेजने एक क्षणही घालवला नाही. तिने पाय बदलला. ती उजव्यावर गेली, जसं काही तसंच ठरलं होतं, आणि चादर स्वतःकडे अशी खेचली की ती दोरखंडासारखी ताठ झाली. आणि बोलली. स्टेजवर बोलली! पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल.

"सोड ना गं अंग! धरलंय मी!"

सोलांजने आयुष्यात कितीक बायका उचलल्या, पुरुष उचलले, पियानोवर बसवले. पण स्वतःचं वजन कुणावर टाकताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. नाचात नाही, घरी नाही, हॉस्पिटलातसुद्धा नाही. तिने नादेजकडे बघितलं. आणि सोडलं. मागे रेलली, सगळं अंग त्या चादरीवर टाकलं. डावा पाय हलका झाला, त्याची थरथर थांबली. नादेजच्या दंडाच्या शिरा फुगल्या. दोघी एकमेकींच्या भाराने, चादर ताणून, खाली खाली जमिनीपर्यंत आल्या, आणि खाली पोचल्यावर सोलांज हसायला लागली. मग नादेज हसायला लागली. मग थिएटर हसायला लागलं, रडायला लागलं, उभंच राहिलं. कुणी हळहळलं नाही.

गाडबुआ साहेब माझ्याशेजारी येऊन उभे होते. मफलर पार ओला. "हे तालमीत नव्हतं ना?"

"होतं," मी म्हटलं. "तुमचं लक्ष नव्हतं."

नंतर मी मेकअपच्या खोलीत गेले ती तरातराच गेले. सोलांज खुर्चीवर पाय लांब करून बसली होती, नादेज तिच्या खुब्यावर बर्फाची पिशवी बांधत होती.

"पिएरेट," सोलांज म्हणाली, "दुखत नाहीये. खरंच नाही. आजचं जे झालं ते तसंच पक्कं करून टाक. उद्या मी डाव्या पायावरच खाली जाणार."

"अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना आत्ता फोन..."

"ती धरते ना."

मी नादेजकडे बघितलं, हिला तरी काही अक्कल असेल म्हणून. तिने पट्टीची गाठ मारली, ओढून बघितली.

"जा," ती सोलांजला म्हणाली. "फक्त उद्या आधी सांगून जा."